पाण्याची वार्ता पाणवठ्यापर्यंत

(नायगाव येथे भरलेल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘शालेय स्वच्छता’ असा विषय छापलेला आहे. विषय मोठा आहे आणि मला दिलेला वेळ थोडा आहे. म्हणून त्यातील एकच अंग मी आज आपणांपुढे मांडणार आहे. गावाचे पिण्याचे पाणी तपासणीत अयोग्य ठरले, तर ती गोष्ट गावाला कोणी, केव्हा व कोणत्या शब्दांत सांगावी, हे ते अंग होय. पाणी गाळावे, उकळावे, त्यात औषध टाकावे हे आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो, व ते योग्यच आहे. परंतु आपल्या हंड्यातील पाणी बिघडले आहे हे ज्या गृहिणीला कळलेच नाही, तिने ते कशाकरिता उकळावे? जळण फुकट येत नाही.

फार दूरचे उदाहरण घेण्याचे कारण नाही. २०२४ च्या जून महिन्याच्या अखेरीस आपल्याच तालुक्यातील मुगाव तांड्यावर काय घडले ते आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल. मांजरम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रातील हा तांडा १०७ घरांचा व सुमारे ४४० वस्तीचा. २६ व २७ जून या दोन दिवसांत तेथील माणसे पोटदुखी, उलट्या व जुलाब यांनी आजारी पडू लागली आणि हा आकडा ९३ पर्यंत गेला. म्हणजे दर पाच माणसांमागे एक. छप्पन्न जणांवर तांड्यावरच उपचार झाले, सदतीस जणांना आरोग्य केंद्रात न्यावे लागले. ज्या विहिरीचे पाणी तांड्याला मिळत होते तिचा वापर बंद करण्यात आला. डॉक्टर व आरोग्य सेवक वेळेवर धावले म्हणून हे प्रकरण तेवढ्यावर निभावले. तथापि पहिला पाऊस पडल्यावर विहिरीत चोहोबाजूंचे पाणी उतरते, हे आपल्याकडे काही नवे ज्ञान नव्हे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात हे होणारच, असे पंचांगात लिहिल्यासारखे ते ठरलेले असते.

आता आपली व्यवस्था काय आहे ते पाहू. महाराष्ट्रात वर्षातून दोन वेळा, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर, म्हणजे साधारणतः एप्रिल व ऑक्टोबर या महिन्यांत, प्रत्येक गावच्या सार्वजनिक पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. हापशाचा ओटा फुटला आहे काय, नळाच्या वाहिनीला गळती आहे काय, विहिरीभोवती उकिरडा आहे काय, टीसीएल पावडरीचा साठा आहे काय व ती नियमाने टाकली जाते काय, हे सारे पाहून ग्रामपंचायतीस कार्ड दिले जाते. धोका तीव्र असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे, सौम्य असेल तर हिरवे. पाच वर्षे सतत हिरवे कार्ड टिकवून ज्या गावाने साथ येऊ दिली नाही त्या गावास चंदेरी कार्ड मिळते. या कल्पनेबद्दल मला आदरच आहे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही रंग कळतो. बांगलादेशात कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष आढळले, तेव्हा तेथे २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख कूपनलिका तपासून त्यांच्या तोंडाला रंग दिले गेले. विषारी ती तांबडी, चांगली ती हिरवी. घागर घेऊन आलेल्या बाईला दुसरे काही विचारण्याची गरजच उरली नाही.

पण तेथील रंग कूपनलिकेवर होता व आपले कार्ड बहुधा पंचायतीच्या कपाटात असते. मी कित्येक गावी मुद्दाम विचारून पाहिले आहे. सरपंचांना कार्डाचा रंग माहीत असतो, ग्रामसेवकांना असतो, आरोग्य सेविकेला असतो. पाणी भरणाऱ्या दहा बायांना विचारावे तर दहाही जणी एकमेकींच्या तोंडाकडे पाहतात. आणखी एक गैरसमज येथे दूर करतो. हिरवे कार्ड म्हणजे आजचे पाणी चांगले असल्याचा दाखला नव्हे. सर्वेक्षणाच्या दिवशी व्यवस्था बरी होती, एवढेच ते सांगते. एप्रिलात हिरवे ठरलेल्या गावची वाहिनी जूनमध्ये गटारात फुटू शकते. म्हणून कार्डाखेरीज पाण्याचे नमुने वेळोवेळी प्रयोगशाळेत जातात आणि तेथून ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ असा अहवाल येतो. त्या अहवालाचा पुढचा प्रवास हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर सभेत कधी सांगितली नव्हती. नोकरीस लागून मला तीनेक वर्षे झाली असतील. दोन शिक्षकी शाळा होती, गावाचे नाव घेत नाही. पावसाळ्याचे दिवस होते. एका शुक्रवारी टपालात एक कागद आला. मूळ पत्र पंचायतीला व प्रत शाळेला होती. शाळेजवळच्या आडाच्या पाण्याचा नमुना अयोग्य ठरला असून योग्य ती कार्यवाही करावी, असा त्यातील मजकूर होता. मी तो वाचला, आवक नोंदवहीत त्याची नोंद केली, कोपऱ्यावर ‘पाहिले’ असे लिहून सही केली व कागद फाईलला लावला. कार्यवाही पंचायत करील, आपल्याला केवळ माहितीसाठी प्रत आली आहे, असे मी मनाशी धरले. पंचायतीने काय धरले ते मला ठाऊक नाही. बुधवारी माझ्या पटावरील अकरा मुले आली नाहीत. पेरणीच्या दिवसांत मुले राहतातच, म्हणून मी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. गुरुवारी तिसरीतील एका मुलीला बैलगाडीत घालून तालुक्याला नेल्याचे समजले. ती पंधरा दिवसांनी शाळेत परत आली. तिचा धाकटा भाऊ मात्र गेला. तो शाळेच्या वयाचा नव्हता.

त्या शुक्रवारी दुपारी मी शाळेच्या दारातून बाहेर पडून पन्नास पावले चाललो असतो तर आडावर पोहोचलो असतो. तेथे त्या वेळी चार-दोन बाया असतातच. मला त्यांना एक वाक्य सांगावयाचे होते. त्या मुलाच्या मृत्यूचे कारण तेच पाणी होते असे कोणी सिद्ध केले नाही व मला कोणी विचारलेही नाही. माझी नोंदवही बिनचूक होती.

असे केवळ आपल्याकडेच घडते असे कोणी समजू नये. कॅनडा देशातील ओंटारियो प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे एक गाव आहे. तेथे नळ, क्लोरीन, प्रयोगशाळा असे सारे काही होते. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला आणि जवळच्या शेतातील शेणखताचा अंश एका उथळ विहिरीत उतरला. त्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन पुरेसे नव्हते. १७ मे रोजी प्रयोगशाळेने पाणी दूषित असल्याचा अहवाल नळयोजनेच्या कार्यालयास कळवला. कार्यालयाने तो स्वतःपाशीच ठेवला. दोन दिवसांनी आरोग्य खात्याने विचारले, तेव्हाही पाणी ठीक आहे असेच उत्तर दिले गेले. अखेर २१ मे रोजी आरोग्य खात्याने कोणाच्याही अहवालाची वाट न पाहता, पाणी उकळून प्यावे अशी सूचना आपल्या जबाबदारीवर नभोवाणीवरून दिली. तीही सगळ्यांच्या कानी वेळेवर गेली नाही. सात माणसे दगावली व दोन हजारांहून अधिक आजारी पडली. पुढे न्यायमूर्तींच्या चौकशीत हा सर्व तपशील तारखांसह बाहेर आला.

या हकीकतीत आपणां शिक्षकांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. १८ मे रोजी, म्हणजे सूचना निघण्यापूर्वी तीन दिवस, तेथील एका शाळेत वीस मुले एकाच दिवशी गैरहजर होती. प्रयोगशाळेचा कागद दडवता आला, पण शाळेचा हजेरीपट दडवता आला नाही. एका वस्तीची मुले एकाच दिवशी गैरहजर राहिली, त्यांची घरे एकाच पाणवठ्यावर पाणी भरीत असली व महिना पावसाळ्याचा असला, तर शिक्षकाने त्याच दिवशी आरोग्य सेविकेस निरोप धाडला पाहिजे. शंका खोटी ठरली तर बिघडले काय? एक निरोप वाया गेला इतकेच. गैरहजेरीची कारणे लिहिण्याचा जो रकाना आपण बहुधा ‘घरकाम’ एवढ्या शब्दावर भागवतो, त्याचा उपयोग हा आहे.

वेळेवर सांगितल्याने काय साधते याचेही उदाहरण आपल्या पिढीने पाहिले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या मंडळींना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत व बारवांत माणसे पाय बुडवून पाणी भरीत, त्यातून तो रोग पसरे, आणि हातभर लांबीचा जंत पायातून काडीला गुंडाळून काढीत. त्या रोगावर लस नव्हती व नेमके औषधही नव्हते. १९८०च्या दशकात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रोगी आढळला की खबर द्यावी, त्या पाणवठ्याची व्यवस्था करावी, पाणी फडक्याने गाळून प्यावे, हे घरोघर सांगण्यात आले. देशातील अखेरचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला व २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. आजच्या मुलांना नारू हा शब्दही ठाऊक नाही. त्यांना तो समजावून सांगताना मला दर वेळी मोठा आनंद होतो.

आता सूचनेच्या भाषेकडे वळू. गेल्या वर्षी एका फलकावर मी असा मजकूर वाचला : ‘सदर स्रोताचा नमुना जैविक परीक्षणाअंती अयोग्य आढळून आला असल्याने सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. परंतु सदर स्रोत म्हणजे कोणता? संबंधित कोण? डोक्यावर घागर घेतलेली बाई स्वतःला संबंधित समजत नाही. संबंधित म्हणजे कचेरीतले कोणी साहेब असावेत, अशी तिची कल्पना असते. आणि नोंद घ्यावयाची ती कोठे? त्यापेक्षा असे लिहावे : ‘मारुतीच्या पारापुढील हापशाचे पाणी आजपासून पिऊ नका. त्यात जुलाबाचे जंतू सापडले आहेत. धुण्याभांड्याला वापरले तरी चालेल. पिण्यासाठी शाळेच्या नळाचे पाणी न्या. तेही उकळून प्या. पुन्हा तपासणी होऊन चांगला अहवाल आला की याच फळ्यावर कळवू.’ खाली तारीख व विचारपूस कोणाकडे करावी त्याचे नाव असावे. हा मजकूर चौथीचा विद्यार्थी अडखळल्याशिवाय वाचू शकतो, व तो त्यानेच घरी वाचून दाखवावयाचा आहे.

आपल्या सरहद्दीवरच्या भागात एक मराठी फलक पुरत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तांड्यावर गोरमाटी बोलतात, काही घरांत तेलुगू आहे, काही घरांत उर्दू. म्हणून फळ्यावर लिहून आपण मोकळे झालो असे मानू नये. दवंडी आता पुष्कळ गावांतून गेली, तरी देवळाचा व मशिदीचा भोंगा आहे, मोबाइलवरील गावाचा गट आहे, बचत गटाची बैठक आहे. सर्वांत भरवशाचे साधन मात्र आपल्या वर्गात बसलेले असते. त्या त्या घरच्या बोलीत घरच्या माणसाला सांगणारे मूल, याहून चांगला दूत कोणत्या कचेरीला मिळणार आहे? परंतु मुलाला भीती घालून धाडू नये. त्याला नेमके वाक्य द्यावे व दुसऱ्या दिवशी, घरी काय म्हणाले, ते विचारावे.

एका शब्दाविषयी मी आग्रही आहे. सूचनेत ‘अशुद्ध’ हा शब्द वापरू नये. तो शब्द व्याकरणात चूक नसला तरी आपल्या समाजात त्याला दुसरी, फार कडू आठवण चिकटलेली आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर काही लोकांनी त्या तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले! तळ्यावर सर्वांचा हक्क आहे हा न्याय उच्च न्यायालयातून मिळण्यास पुढे १९३७ साल उजाडावे लागले. अशा भूमीत पाण्याच्या सूचनेवरून कोणत्याही वस्तीकडे बोट दाखवले जाता कामा नये. फलकावर हापशाचे, विहिरीचे किंवा टाकीचे नाव असावे. ‘अमक्या वस्तीतल्या घाणीमुळे’ असा मजकूर असू नये. गळकी वाहिनी कोणाच्या दारावरून जाते हा त्या घरच्या माणसांचा अपराध नव्हे.

अहवालात काय आढळले हेही लोकांना सांगावयास हवे, कारण त्यावर उपाय अवलंबून असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतील जंतू एकही आढळता कामा नये. ते आढळले तर उकळणे व क्लोरीन हे उपाय आहेत. चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर हजार लिटर पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम लागते. ती टाकल्यावर निदान अर्धा तास, शक्य तर तासभर, थांबावे लागते व मग नळाला ओटी चाचणी घेतली की पाण्यास पिवळसर रंग यावा लागतो. पण आपल्या जिल्ह्यात किनवटसारख्या भागात काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळते. मानकातील वरची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. ते पाणी कितीही उकळले तरी फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते थोडे दाटच होते. शेतातील खतांतून व सांडपाण्यातून उतरणाऱ्या नायट्रेटचेही तसेच. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, आणि वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना त्याचा धोका विशेष. तेथे ‘उकळून प्या’ हा सल्ला निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे. अशा वेळी ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास वापरू नका व दुसरे पाणी आणा, एवढेच सांगता येते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना हा भेद मुख्याध्यापकांनी स्वतः समजावून द्यावा.

आपल्या गावाला बट्टा लागेल म्हणून ही वार्ता दाबून ठेवण्याकडे काही मंडळींचा कल असतो. मी त्यांच्यावर फार रागावत नाही. गावाच्या अब्रूचा प्रश्न त्यांना खरोखरच छळीत असतो. पण अमेरिकेत १९७४ सालच्या पेयजल सुरक्षा कायद्याखाली नियमच असा आहे की, ज्या दूषणाने तातडीचा अपाय होण्याचा संभव आहे, ते आढळल्यापासून २४ तासांच्या आत पाणी पुरवणाऱ्यानेच ग्राहकांना कळवले पाहिजे. सांगणे हे तेथे पुरवठ्याच्याच कामाचे अंग मानले आहे. नगरपालिका पथदिव्यांची तार तुटली की तेथे माणूस उभा करते, त्याने तिची अब्रू जात नाही.

आणि पाणी सुधारले की तेही तितक्याच अगत्याने सांगावे. ‘पिऊ नका’ असा फलक सहा महिने तसाच राहिला की लोक त्याच्याकडे पाहीनासे होतात, व पुढच्या खऱ्या सूचनेवर कोणी विश्वास ठेवीत नाही. जुना फलक पुसणे हे नवा लिहिण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

जल जीवन मिशनखाली प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्याची योजना आहे. आपल्या गावी त्या कोण आहेत हे शाळेला माहीत असावे व परिपाठात महिन्यातून एकदा त्यांना बोलवावे. याखेरीज एक सोपे साधन मी आज बरोबर आणले आहे. ही लहान बाटली आत कागदाची पट्टी असलेली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली ही युक्ती शोधली. खुणेपर्यंत पाणी भरावे, झाकण लावावे व ऊबदार जागी एक-दोन दिवस ठेवावे. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतील जंतू असण्याचा दाट संभव आहे. तो प्रयोगशाळेचा निकाल नव्हे, पण थांबावयास सांगण्यास पुरेसा आहे. भरताना बाटलीच्या तोंडाला आतून बोट लागू देऊ नये, नाही तर आपण आपलेच बोट तपासून बसू.

मागच्या टेबलावर प्रत्येक शाळेसाठी दोन बाटल्या ठेवल्या आहेत. एक शाळेच्या टाकीसाठी, दुसरी वस्तीतील ज्या पाणवठ्यावर मुले सर्वाधिक अवलंबून आहेत त्यासाठी. सोमवारी सकाळी परिपाठाच्या वेळी मुलांदेखत भराव्यात. बुधवारी जी काळी दिसेल तिची खबर त्याच दिवशी दुपारच्या आत पाणवठ्यावर जाऊन द्यावी, मग आरोग्य केंद्रास व मग मला. कागद मागाहून आला तरी चालेल. यादीवर सही करून बाटल्या न्याव्यात. दूरच्या गावांच्या गुरुजींनी आधी घ्याव्यात, कारण त्यांची बस साडेचारची आहे.